कुसाबाईंचं दुसरं कडवं

बहिरू मास्तरांना मास्तर म्हणायला कोणी सुरुवात केली ते त्यांनाही सांगता येत नाही. शाळेत त्यांनी एक दिवस शिकवलेलं नाही. नाशिक रोडच्या नोटांच्या प्रेसमध्ये ते छत्तीस वर्षं कामगार होते. आत जाताना झडती, बाहेर येताना झडती. ते म्हणतात, "खिशात काय न्यायची सोय नव्हती, म्हणून डोक्यात घालून न्यायचो." डोक्यात चाली असायच्या. मशीनच्या आवाजात मनातल्या मनात चाल बसवायची आणि घरी येऊन पेटीवर उतरवायची, असा त्यांचा परिपाठ.

त्यांचं कौतुक करायला मी लिहायला बसले आहे असं मला म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. तीस वर्षं मी रोज वही लिहिते. वर ‘श्रीराम’ लिहायचं आणि खाली दिवसभरात काय झालं ते. कोणाकडे हळदीकुंकू होतं, कोणाची तब्येत बिघडली, भजनात काय म्हटलं. त्या वह्यांमध्ये मास्तर पुष्कळ ठिकाणी आहेत. एक गोष्ट मात्र मी वहीपासूनही लपवली. ती आता लिहिते.

मास्तर मूळचे हरसूलकडच्या एका पाड्यावरचे. घरी नागली आणि भात. त्यांच्या भागात बोहाडा असतो. देवादिकांचे मोठमोठे मुखवटे बांधून माणसं नाचतात आणि पुढे सनई-संबळ वाजतो. लहानपणी मास्तर मुखवट्यांकडे पाहायचेच नाहीत म्हणे, सनईवाल्याच्या पाठीमागे चालत राहायचे. पुढे त्र्यंबकला एका धर्मशाळेत पाणी भरायला राहिले. तिथे उतरणाऱ्या एका कीर्तनकारांच्या साथीदाराने त्यांना पेटीवर बोटं ठेवायला शिकवलं. प्रेसमध्ये लागले, कुसाबाईंशी लग्न झालं, नाशिक रोडला दोन खोल्यांचं घर झालं. पेटी त्या घरात माणसासारखी राहायची. तिला वेगळा कोपरा होता आणि पावसाळ्यात तिला आधी पांघरूण मिळायचं.

त्र्याऐंशी साली प्रेसमधल्या हौशी मंडळींनी कामगार नाट्यस्पर्धेत संगीत नाटक करायचं ठरवलं. नाटकाचं नाव ‘संगीत पैलथडी’. लिहिणाराही प्रेसमधलाच, आता तो हयात नाही. गाण्यांना चाली मास्तरांनी दिल्या. नायिकेच्या कामाला बाहेरून एक बाई आणल्या होत्या. त्या अभिनय छान करायच्या, पण तिसऱ्या अंकातलं पद त्यांच्या गळ्याला झेपेना. नायिका काठावर उभी आहे, नवऱ्याला घेऊन नाव निघाली आहे आणि ती म्हणते,

थांब नावाड्या, दोर नको सोडू,
काठावरचं माणूस अर्ध्यात नको तोडू.

मग असं ठरलं, की बाईंनी नुसते ओठ हलवायचे आणि विंगेत मास्तरांच्या पेटीशेजारी बसून कुसाबाईंनी गायचं. कुसाबाई घरी जात्यावर आणि देवापुढेच काय त्या गायलेल्या. त्या दिवशी पदाला वन्समोअर मिळाला. बाहेरच्या बाई दोनदा वाकून नमस्कार करून गेल्या. हँडबिलावर कुसाबाईंचं नाव नव्हतं. मास्तरांचं होतं, पण ते ‘पेटी’ एवढ्याच शब्दापुढे. प्रयोगानंतर प्रेसमधल्या कोणीतरी टेपरेकॉर्डर आणून ते पद घरी ध्वनिमुद्रित करून घेतलं. कुसाबाई आणि पेटी, बाकी काही नाही. ती एकच कॅसेट.

हे सगळं मला मास्तरांनीच सांगितलेलं. मी जवळच जेल रोडला लग्न होऊन आले ती शहाऐंशी साली, म्हणजे नाटकानंतर. पुढे आम्ही बायकांनी श्रीराम महिला भजनी मंडळ काढलं आणि पेटीला मास्तर मिळाले. आम्हाला सूर धरायला त्यांनीच शिकवलं. कोणी बेसूर गेलं तर ते बोलायचे नाहीत, नुसती तेवढी पट्टी जरा जोरात दाबायचे. आमच्यातल्या भागीबाई म्हणायच्या, "मास्तरांनी पेटी दाबली की मला वाटतं माझाच गळा दाबला."

दोन हजार चार साली कुसाबाई गेल्या. त्यानंतर दोन वर्षांनी आमचं मंडळ पहिल्यांदा मोठ्या भजनस्पर्धेत उतरलं. नवीन चाल पाहिजे होती. मास्तरांनी एकदा सहज ते पद गुणगुणलं होतं ते माझ्या कानात बसलं होतं. मी त्यांच्याकडे कॅसेट मागितली. त्यांनी ती फडक्यातून काढून दिली आणि म्हणाले, "छायाताई, ह्या बाजूला कुसा हाय. दुसरी बाजू कोरी हाय." 

मी घरी टू-इन-वनवर ती लावली. धृपद ऐकलं, पहिलं कडवं ऐकलं. चाल कळली. दुसऱ्या कडव्याची चाल तीच असणार, म्हणून तिथेच बटण दाबून थांबवली. मला पदाचे शब्द नकोच होते. नावाडी, नवरा, दोर, हे रामापुढे कसं म्हणायचं? दुपारभर बसून मी माझे शब्द घातले.

थांब रामराया, हात नको सोडू,
पंचवटीची वाट अर्ध्यात नको मोडू.

लिहिताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं होतं. ते खरं होतं, हेही सांगते.

एकादशीला आमच्याकडे सराव झाला. मास्तर पेटीवर होते. बायकांना घरी ऐकायला मिळावं म्हणून सराव टेप करायला मी टू-इन-वन मधोमध ठेवला, कॅसेट आतच होती. लाल आणि काळं बटण एकदम दाबलं. कॅसेट उलटवायची राहिली.

दोन दिवसांनी सराव कसा झाला ते ऐकायला मी कॅसेट मागे नेऊन लावली. आधी कुसाबाई लागल्या. धृपद झालं, पहिलं कडवं झालं. मग खट असा आवाज आला आणि टाळांसकट आम्ही वीस बायका सुरू झालो. सगळ्यांत वर माझा आवाज. मी टेप पुढे नेली, आणखी पुढे नेली. शेवटपर्यंत आम्हीच होतो.

मी कॅसेट पिशवीत घातली, बरोबर प्रसादाच्या शिऱ्याचा डबा घेतला आणि मास्तरांना नेऊन दिली. भजन छान बसलंय, एवढंच ते म्हणाले. त्या दिवशीच्या वहीत तीन शब्द आहेत : कॅसेट परत दिली.

एका चुकीवर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. स्पर्धेच्या अर्जात ‘चाल’ असा रकाना होता आणि नियमात लिहिलं होतं, की नाटक-सिनेमाच्या चाली घेऊ नयेत. मास्तरांनी मला कधीतरी सांगितलं होतं, की ह्या चालीत बोहाड्याच्या सनईचा एक तुकडा कानात राहिलेला आहे. त्याच वेळी त्यांनी हेही सांगितलं होतं, की त्या तुकड्याचं पद करायला तेरा दिवस लागले. मी पहिलं वाक्य लक्षात ठेवलं आणि रकान्यात ‘पारंपरिक’ असं लिहिलं. देवाच्या कामासाठी लिहिलं म्हणजे ते खोटं होत नाही असं मी स्वतःला समजावलं. आम्हाला पहिला नंबर मिळाला. निवेदकाने माइकवर ‘चाल पारंपरिक’ म्हटलं तेव्हा मास्तर माझ्या डाव्या हाताला बसले होते. त्यांनी पेटीचा भाता बंद केला आणि बाजूची कडी लावली. मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

तिथून ते भजन सुटलंच. शहरातल्या एकाने आमच्याकडून म्हणवून घेऊन सीडी काढली. मग एका तरुण गायिकेने ते यूट्यूबवर गायलं. मग कोणी गिटारवर, कोणी बासरीवर. दोन वर्षांपूर्वी रामनवमीच्या मिरवणुकीत ते ढोलाच्या ठेक्यावर वाजताना मी गॅलरीतून ऐकलं. प्रत्येकाखाली लिहिलेलं असतं : पारंपरिक. मला अभिमान वाटायचा. काळारामाच्या दर्शनाला गेले की मी म्हणायची, देवा, तुझं काम माझ्या हातून झालं.

ह्या वर्षी मार्गशीर्षात शहरातल्या एका हौशी नाट्यमंडळाने नाशिक रोडच्या जुन्या कामगार नाटकांतल्या पदांचा कार्यक्रम ठरवला. मंडळाचे चिटणीस शेखरराव मास्तरांच्या घरी जाऊन आले. मास्तरांनी त्यांना पेटीवर हे पद वाजवून दाखवलं. ऐकून ते बिचारे अवघडले. म्हणाले, ही तर रामाच्या भजनाची पारंपरिक चाल आहे, सगळ्यांना माहीत आहे. तुम्ही ती नाटकात वापरली असेल, हरकत नाही, पण तुमची म्हणून कशी छापायची? लोक हसतील. मास्तर म्हणाले, माझ्याकडे त्र्याऐंशी सालची कॅसेट आहे.

हे मला हर्षालीने सांगितलं. हर्षाली ही मास्तरांची नात, बावीस वर्षांची. दुपारी मी वाती वळत होते तेव्हा ती आली.

"आजी, तुमच्याकडे तो जुना टेपरेकॉर्डर आहे ना? आमचा बंद पडलाय. शनिवारी शेखरकाकांना ऐकवायचंय. आजोबा म्हणतात, कुसाआजीचा आवाज ऐकला की कोणी काही बोलणार नाही."

आणि तिने ओढणीत गुंडाळलेली ती कॅसेट माझ्या पुढ्यात ठेवली.

मी म्हणाले, "अगं, त्याचा बेल्ट गेलाय." बेल्ट गेलेला नव्हता. त्या सकाळीच मी त्यावर भक्तिगीतांची कॅसेट ऐकली होती.

ती म्हणाली, "मग दुरुस्त करून घ्याल का? कॅसेट ठेवून जाते. माझ्याकडून हरवायची."

जाता जाता तिने हसत सांगितलं, की कॉलेजातल्या एकाने आजोबांना चोर म्हटलं. म्हणजे रामाचं भजन चोरून नाटकात घातलं असं. ती हसत सांगत होती, पण कान लाल झाले होते.

ती गेल्यावर मी वाती तशाच टाकल्या. शनिवारी काय होणार ते मला दिसत होतं. कॅसेट लावणार, कुसाबाईंचं पहिलं कडवं झालं की खट होणार आणि रामाचं भजन सुरू होणार. शेखरराव म्हणणार, मास्तर, ही तर त्याच भजनाची कॅसेट. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस नातीसमोर खोटा ठरणार, आणि तोही माझ्या आवाजाने.

ह्यांना सांगितलं. हे वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "टेप जुनी आहे, मशीनमध्ये गुंतून तुटली म्हण. मास्तरांची अब्रूही राहील, तुझीही. आणि लिहायचंच असेल तर वहीत लिही. इतक्या वह्या आहेत, कोण शोधतंय."

मी खोटं बोलणारच नव्हते असं मला लिहिता येत नाही. दोन दिवस मी ह्यांचं म्हणणं मनात घोळवत होते. एकदा तर कॅसेटची फीत बोटाने थोडी बाहेरही ओढली. मग पेन्सिल घालून परत गुंडाळली. रामापुढे निरांजन लावलं आणि नेहमीचं भजन तोंडात आलं, थांब रामराया. ते पुढे म्हणवेना. तिसऱ्या दिवशी सकाळी मी मास्तरांकडे गेले.

ते अंगणात उन्हाला बसले होते. हर्षाली कॉलेजला गेली होती. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. कॅसेट उलटवायची राहिली ती, आणि कळूनही गप्प बसले ती, आणि रकाना. 

मास्तरांनी शेजारची चटई माझ्यापुढे सरकवली. मग म्हणाले, "मला ठावं हाय. तुमी दिली त्याच सांजंला ऐकली मी."

"मग बोलला का नाहीत?"

"काय बोलू? कुसा परत येनार व्हती का? आन् तुमी सगळ्या लय मन लावून गात व्हत्या. मी कडव्यापर्यंत ऐकायचो. खट व्हायच्या आत बंद करायचो. त्याची सवय झाली."

"मग हर्षालीला कॅसेट का दिलीत?"

"पोरगी इचारत व्हती, आजोबा, खरंच तुमची चाल हाय का. तिला काय सांगू? वाटलं, कडव्यापुरती तरी ऐकतील." 

मी म्हणाले, निदान दुसरं कडवं मला सांगा, मी लिहून घेते, कार्यक्रमात कोणाकडून तरी म्हणवू. ते आत गेले, पेटी काढली, धृपद धरलं. पहिलं कडवं नीट झालं. दुसऱ्याला त्यांनी तोंड उघडलं आणि माझे शब्द बाहेर आले. पंचवटीची सावली, माझ्या दुसऱ्या कडव्यातली. ते थांबले. परत पहिल्यापासून आले. परत तेच झालं. तिसऱ्यांदा त्यांनी म्हटलंच नाही, नुसती बोटं फिरवली.

"एकोणीस वर्सं तुमचंच वाजवतोय," ते म्हणाले. "कुसाचं पुसलं गेलं डोक्यातून."

कॅसेटवर गेलं ते चुकून गेलं असं मी म्हणू शकत होते. हे काय म्हणून सांगायचं?

मी शेखररावांना पत्र लिहिलं आणि स्वतः नेऊन दिलं. त्यात तीन गोष्टी लिहिल्या. चाल बहिरू मास्तरांची आहे. पद पहिल्यांदा कुसाबाई गायल्या. आणि त्यांचा आवाज माझ्या हाताने पुसला गेला. सोबत दोन हजार सहाची वही नेली होती. त्यात सरावाच्या आधी आठ दिवस मीच लिहिलेलं होतं, ‘मास्तरांची नाटकातली चाल घ्यावी का?’ शेखरराव सज्जन माणूस. वही वाचून म्हणाले, काकू, इतकं कोण करतं? मला ते ऐकून बरं वाटलं नाही.

मंडळात सांगितलं तेव्हा गलका झाला. मनीषा म्हणाली, "म्हणजे इतकी वर्षं आपण रामापुढे नाटकातलं म्हणत होतो?" भागीबाई म्हणाल्या, "रामाला ठाऊक असणार, आपल्यालाच नव्हतं." मी स्पर्धेची ढाल परत पाठवणार म्हणाले तर त्या म्हणाल्या, "एकोणीस वर्षं तुझ्या शोकेसमध्ये उभी आहे, आता कुठे पाय फुटले तिला? आणि घेणार कोण, स्पर्धा भरवणारं मंडळ बंद होऊन दहा वर्षं झाली." ते खरं निघालं. ढाल आता माळ्यावर आहे. सीडीवाल्याने त्याच्या यूट्यूबवर मास्तरांचं नाव घातलं. बाकीच्यांना हर्षालीने कळवलं. एकाने उत्तर दिलं, की नंतर बघू.

कार्यक्रमाच्या आधी एका स्टुडिओत कॅसेटवरचं संगणकावर उतरवून घेतलं. तिथला योगेश नावाचा मुलगा म्हणाला, खट यायच्या आधी कापून टाकतो, स्वच्छ होईल. मास्तर म्हणाले, "कापू नका. जे झालं ते हाय."

सभागृह भरलं होतं. पत्रिकेवर कुसाबाईंचं नाव आधी होतं आणि मास्तरांचं नंतर, तसं मास्तरांनीच सांगितलं होतं. शेखररावांनी माझ्या पत्रातल्या पहिल्या दोन गोष्टी वाचल्या. तिसरी त्यांनी वाचली नाही. मला वाटतं माझ्यावर दया केली. मी उठून सांगायला हवं होतं. उठले नाही.

मास्तर रंगमंचावर पेटी घेऊन बसले आणि स्पीकरवर कुसाबाई लागल्या. बेचाळीस वर्षांपूर्वीचा आवाज, थोडा नाकातला, पण सुराला घट्ट. मास्तर त्या आवाजाबरोबर वाजवत होते. हर्षाली पहिल्या रांगेत होती, तिच्या कॉलेजातली मुलंही होती. कोणी हललं नाही. पहिलं कडवं संपलं.

खट झालं आणि आमचे टाळ सुरू झाले. लोकांना वाटलं हे असंच बसवलं आहे, आधी मूळ पद आणि मग भजन. सगळ्यांच्या ओळखीचं ते. मागून टाळ्यांचा ठेका आला, मग सगळं सभागृह गायला लागलं. थांब रामराया, हात नको सोडू. शेजारची बाई मला कोपराने ढोसून म्हणाली, "म्हणा ना काकू, सोपं आहे." मी तोंड मिटून बसले. स्पीकरवर सगळ्यांत वर मीच होते.

वर मास्तरांनी भाता सोडला होता. आमचं दुसरं कडवं संपेपर्यंत ते दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिले. लोक गात होते, त्यामुळे पेटी थांबली आहे हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.